ब्रिटनमध्ये मुलांसाठी जिम्नॅस्टिक्सचा क्लब शोधताना

घराचा पत्ता पक्का झाला की शाळेच्या अर्जाबरोबरच जिम्नॅस्टिक्सच्या क्लबातही मुलाचं नाव घालून ठेवा. पाच ते आठ वयाच्या वर्गांना इथे बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते आणि काही महिने थांबावं लागणं नेहमीचं आहे. यादीत नाव घालायला सहसा पैसे पडत नाहीत, तेव्हा तीन-चार क्लबांत घाला. अर्जात ‘कोणताही वार चालेल’ असं लिहिलंत तर नंबर लवकर लागतो, कारण शनिवारची सकाळ सगळ्यांनाच हवी असते. एकदा आत शिरलं की त्याच क्लबात वार बदलून घेणं सोपं जातं. सत्र संपताना, म्हणजे डिसेंबर, ईस्टर आणि जुलैच्या सुमारास जागा सुटतात. त्या दिवसांत ईमेलचं जंक फोल्डरही रोज बघा. होकार कळवायला दोन-तीन दिवसच मिळतात, आणि तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर जागा पुढच्या मुलाला जाते.

वर्ग साधारण दोन प्रकारच्या जागी भरतात. एक म्हणजे काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, लेझर सेंटर (क्रीडा केंद्र). तिथे बॅडमिंटनच्याच हॉलमध्ये मॅट आणि तोल सांभाळायचा अरुंद बीम बाहेर काढून मांडतात. तासातली काही मिनिटं मांडण्या-आवरण्यात जातात, पण चार-सहा वर्षांच्या मुलाला उड्या, कोलांट्या आणि तोल शिकायला एवढं पुरेसं आहे. दुसरी जागा म्हणजे फक्त जिम्नॅस्टिक्ससाठी असलेला हॉल. तिथे स्प्रिंगची जमीन, स्पंजच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा आणि कायम उभे असलेले बार असतात. स्पर्धेतला बीम 5 मीटर लांब, 1.25 मीटर उंच आणि फक्त 10 सेंटीमीटर रुंद असतो. नवख्या मुलाला त्यावर लगेच चढवत नाहीत. आधी जमिनीवरची रेघ, मग जमिनीलगतचा बीम, मग गुडघ्याएवढा, अशा पायऱ्या दिसल्या की शिकवणारे जाणकार आहेत असं समजा. पहिल्याच आठवड्यात उंच बीमवर मूल आणि खाली पातळ मॅट दिसली, तर तो क्लब सोडून द्या.

आता कागदपत्रं. क्लब ब्रिटिश जिम्नॅस्टिक्स या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेशी संलग्न आहे का, हे त्या संस्थेच्या वेबसाइटवरच्या क्लब-शोधात बघता येतं. काही क्लब दुसऱ्या संस्थांशी जोडलेले असतात. त्यांना विमा कोणाचा आणि तक्रार कोणाकडे करायची, हे दोन प्रश्न विचारा. प्रशिक्षकांची पार्श्वभूमी-तपासणी इंग्लंड-वेल्समध्ये डीबीएस, तर स्कॉटलंडमध्ये पीव्हीजी या नावाने ओळखली जाते. मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली व्यक्ती, म्हणजे वेल्फेअर ऑफिसर, कोण आहे हेही विचारून घ्या. नाव बहुधा फलकावर लिहिलेलं असतं. विचारल्यावर समोरचा गडबडला, तर ती चांगली खूण नाही.

आपल्याकडे सरांना किंवा बाईंना असे प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. इथे ते अपेक्षितच आहेत. 2022 च्या जूनमध्ये इथल्या जिम्नॅस्टिक्समधल्या गैरवर्तनाबद्दल व्हाइट रिव्ह्यू हा चौकशी-अहवाल आला. चारशेहून जास्त लोकांनी त्यात आपले अनुभव मांडले होते: दुखापतीवर सराव करायला लावणं, वजनावरून अपमान करणं, स्ट्रेचिंगच्या नावाखाली शरीर दाबणं. त्यानंतर नियम कडक झाले, आणि ब्रिटिश जिम्नॅस्टिक्सच्या क्लबांत आज कोणताही प्रशिक्षक मुलांचं वजन करू शकत नाही. स्प्लिट करताना, म्हणजे पाय पूर्ण फाकवून बसताना, मुलाच्या पाठीवर कोणी जोर देत असेल आणि मूल रडत असेल, तर ‘थोडं दुखणारच’ म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी वेल्फेअर ऑफिसरला लेखी कळवा.

प्रवेश घेण्याआधी एक चाचणी-वर्ग मागा. त्या वेळी मुलाकडे कौतुकाने बघत बसायचा मोह आवरून घड्याळ लावा आणि दहा मिनिटांत त्याची पाळी किती वेळा येते ते मोजा. एका प्रशिक्षकामागे आठ-दहा मुलं असतील आणि त्याने बीमशेजारी उडीचा आणि कोलांटीचा असे दोन थांबे मांडले असतील, तर सात-आठ पाळ्या सहज होतात. सोळा मुलं एकाच रांगेत उभी असतील, तर दोन होतात. भिंतीवरची पदकं वरच्या गटातल्या मोजक्या मुलांची असतात. तुमच्या मुलाला मिळणार आहेत त्या या पाळ्या. पालकांना बघायला बाक किंवा गॅलरी आहे का, तेही पाहा. दर वेळी आत बसू देत नसतील तरी ठरावीक दिवशी बघता यायला हवं.

फी सत्राची सांगतात, म्हणून तासाचा हिशेब आपणच करायचा. 11 आठवड्यांचे 110 पौंड म्हणजे वर्गाला 10 पौंड, पण वर्ग 45 मिनिटांचा असेल तर तासाला 13 पौंडांच्या वर जातं. वार्षिक सदस्यत्व आणि विमा याशिवाय. सुट्टीतल्या शिबिरासाठी ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ ही मुलं सांभाळण्याच्या खर्चाला मदत देणारी सरकारी योजना चालेल असं क्लबने सांगितलं, तरी आधी व्हिसाची अट बघा. सरकारी निधी वापरता येणार नाही असं लिहिलं असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

अर्जात जीपीचं, म्हणजे तुमच्या नोंदणीकृत फॅमिली डॉक्टरचं, नाव आणि आणीबाणीसाठी दोन फोन नंबर लागतात. नातेवाईक इथे नसले तर शेजारी किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारून त्यांचा नंबर द्या.

पहिल्या दिवशी टी-शर्ट-शॉर्ट्स चालतात, लिओटार्डची, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाची, घाई नको. पाय अनवाणी, केस घट्ट बांधलेले. आपल्या मुलींचा घोळ होतो तो कानातल्यांमुळे. रिंगा, बाळ्या, खडे, पैंजण, बांगड्या सगळं काढावं लागतं आणि अनेक ठिकाणी वर पट्टी लावलेलीही चालत नाही. कान नुकते टोचले असतील तर जखम बरी होईपर्यंत काही आठवडे कानातलं काढता येत नाही, म्हणून कान टोचायचेच असतील तर उन्हाळ्याची सुट्टी लागल्या लागल्या टोचा. हातातला काळा दोरा किंवा करदोटा काढायचा नसेल, तर तसं आधी सांगा. झाकून चालेल का, हे तेच ठरवतील.

मूल तिकडे मल्लखांब करत असेल तर प्रशिक्षकाला सांगा, एखादा व्हिडिओही दाखवा. दसरंग करणाऱ्या मुलाच्या हातात-पोटात ताकद आणि उलटं व्हायची सवय असते. पण मांड्यांची पकड इथे कामाची नाही, आणि उडी मारून दोन्ही पायांवर स्थिर उतरणं बहुधा नव्याने शिकावं लागतं. इंग्रजी कच्चं असेल तर टक (गुडघे छातीशी), पाइक (पाय सरळ जुळवून पुढे), स्ट्रॅडल (पाय सरळ फाकवून) हे तीन शब्द घरी सतरंजीवर बसवून करून घ्या. घुमणाऱ्या हॉलमध्ये प्रशिक्षकाचं वाक्य कळलं नाही तरी मूल अडत नाही.

सहा-सात वर्षांच्या लवचीक मुलीला ‘स्क्वाड’साठी, म्हणजे स्पर्धेच्या गटासाठी, विचारणा होते, आणि आनंदाच्या भरात आई-बाप लगेच हो म्हणतात. आधी आठवड्याचे तास विचारा, आजचे आणि दोन वर्षांनंतरचेही. चारावरून नऊ-दहावर जायला वेळ लागत नाही. स्पर्धेची फी, क्लबचा लिओटार्ड, रविवारचा प्रवास हे वेगळं. नाही म्हटलं तरी साध्या वर्गातली जागा जात नाही ना, हेही विचारा.

आणि भारतवारी. पाच-सहा आठवडे गैरहजर राहिलात तर फी परत मिळत नाही, काही ठिकाणी जागाही जाते. तिकीट काढण्याआधी नोटिशीची मुदत वाचा आणि जागा राखून ठेवायची विनंती ईमेलने करा. दारात तोंडी सांगितलेलं ऑफिसपर्यंत पोहोचतंच असं नाही.