गावचं सांडपाणी पंचगंगेत पडण्याआधी काय करावं

गावची गटार ओढ्याला जिथं मिळते, तिथं पहाटे नळाला पाणी सुटायच्या आधी जाऊन थांबा. सोबत १५ लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. बादली १० सेकंदांत भरली तर तासाला ५४०० लिटर पाणी वाहतंय. असं दर तासाला मोजा, रात्रीसुद्धा. पाणी सुटलं की धार फुगते, दुपारी बारीक होते. सांडपाणी साफ करायच्या तळ्यांचा आराखडा या मापावर करायचा.

मी ग्रामपंचायतीत पाणी आणि गटारीचं काम बघते. नुसत्या लोकसंख्येवर बेतलेले आराखडे बघितले की जीव तुटतो. माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे ५००० वस्तीला रोज २ लाख २० हजार लिटर, एवढाच हिशोब. गोठे धुतलेलं पाणी त्यात धरलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात गोठ्यापासून करा. एक म्हैस दिवसाला १०-१५ किलो शेण टाकते. ते आधी फावड्यानं उचलून उकिरड्यात किंवा गोबरगॅसला घालायचं, मगच पाइप लावायचा. शेण गटारीत गेलं की पुढचं कुठलंही तळं पुरं पडत नाही.

मोरीच्या पाण्याला दारातच शोषखड्डा, चार फूट लांब, रुंद आणि खोल. पण आमच्या नदीकाठच्या काळ्या रानात पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. नाहीच लागला तर हट्ट सोडा आणि ते पाणी परसातल्या केळी-अळूला द्या. खड्ड्याच्या तोंडाशी जाळीचा छोटा हौद हवाच. शितं, केस, साबणाचा मळ तिथं अडकतो. विहीर आणि बोअर खड्ड्यापासून किमान १५ मीटर दूर असावी.

मग गल्लीगल्लीतून गटारीच्या कडेनं चाला आणि संडासच्या टाकीचे पाइप कुठं सोडलेत ते बघा. लोक चिडतात, तरी हे टाळू नका. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली होती. तसली कावीळ विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून माणसात जाते. खाली नदीचं पाणी पिणारी गावं आहेत. टाकीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा काढा आणि गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या. गाळ उपसणारा टँकर कुठं रिकामा होतो, हेही विचारा.

एवढं करून जे उरेल ते तळ्यात. जागा पूररेषेच्या वर पाहिजे. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊन दाखवून घ्या. आधी जाळी, मग तीनेक मीटर खोल तळं, त्यात दोन दिवसांत गाळ बसतो. पुढचं तळं उथळ, सव्वा मीटरच्या आत, दहा दिवस पाणी राहील एवढं. वरच्या २ लाख २० हजार लिटरच्या हिशोबाला दोन्ही तळ्यांच्या नुसत्या पाण्यालाच किमान १९ गुंठे लागतात. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी करून घ्या.

उथळ तळ्याचं पाणी हिरवं दिसलं पाहिजे. त्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यावर घाण खाणारे जिवाणू जगतात. राखाडी-काळं पडलं, वास सुटला, तर भार जास्त झालाय. गोठे पुन्हा तपासा. जलपर्णी दिसेल त्या दिवशी काढा, ती ऊन अडवते. काठचं गवतही काढा, डास तिथंच वाढतात. शेवटी खडीत कर्दळीचा पट्टा लावून त्यातून पाणी काढावं.

बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. तसं पाणी ऊस आणि हत्तीगवताला चालतं. मेथी-कोथिंबिरीला अजिबात देऊ नका.

आणि जाळी रोज साफ करणाऱ्याचा पगार, गमबूट, हातमोजे अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरा. जाळी चार दिवस तुंबली की पाणी बगलेनं थेट ओढ्यात जातं.