उन्हाळ्यात अंगणातली बाग अन् लॉन कमी पाण्यात कशी जगवायची

मार्च संपत आला की आमच्या लातूरला प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस सकाळी अकराच्या उन्हात पाईप धरून लॉनवर पाणी उडवत उभा दिसतो. त्यातलं बरंच पाणी पानावर अन् वाऱ्यावरच सुकून जातं, मुळापर्यंत जातंय किती ते कुणी बघत नाही. एकदा पाईपाखाली बादली लावून मोजा. १५ लिटरची बादली मिनिटभरात भरत असेल तर अर्ध्या तासात ४५० लिटर गेलं, म्हणजे दोन ड्रमपेक्षा जास्त.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात आमची हिरवळ गेली ती गेलीच, पण कढीपत्ता अन् लिंबू दोन्ही जगले, कारण त्यांच्या आळ्यात चार बोटं जाड उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, टाकलेलं होतं अन् भांडी विसळलेलं साधं पाणी तेवढं त्यांना मिळत होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो, पाणी वाढवायच्या आधी माती झाका.

आपली जमीन काळी, उन्हात तिला भेगा पडतात, अन् भेगाळलेल्या आळ्यात बादली ओतली की पाणी सरळ खाली निघून जातं, मुळाच्या आजूबाजूची माती कोरडीच राहते. म्हणून आधी खुरप्यानं वरची दोन बोटं माती हलवून भेगा बुजवा, मग पाणी द्या, मग वरून पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळला पाला, जे गावाकडून फुकट मिळेल ते अंथरा. शेतात एक कोळपणी (वरची माती हलवणं) म्हणजे अर्धं पाणी म्हणतात ते अंगणातल्या झाडालाही तसंच लागू आहे. फक्त बुडाला चिटकून पाचट लावू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं अन् वाळवी लागते.

पाणी कधी द्यायचं हे घड्याळ बघून ठरवू नका. पाचट बाजूला सारून बोटभर खोल माती उकरा, मुठीत दाबा, लाडू झाला तर आज पाणी नको, भुगा झाला तर द्या. दुपारी जास्वंदीची पानं मान टाकतात म्हणून लगेच धावू नका, संध्याकाळी ती आपोआप सावरतात, सकाळीही पानं पडलेलीच असतील तर मात्र झाड खरंच तहानलंय. अन् रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा मोठ्या झाडाला चार-सहा दिवसांनी एकदाच पोटभर द्या, तेही पहाटे, खोडाशी नको, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं त्या बाजूला असतात. रोजच्या शिंपडण्यानं मुळं वरच राहतात अन् मे महिन्यात पहिली तीच भाजतात.

मोगरा, वांगी, मिरची, नवीन लावलेलं लिंबू यांच्यासाठी माठ पुरायची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते. ज्याला बाहेरून घाम सुटतो असा जुना पाझरणारा माठ घ्या, ८-१० लिटरचा, रंग लावलेला किंवा चकचकीत नको. झाडापासून वीतभर लांब गळ्यापर्यंत पुरायचा, तोंड बोटभर वर ठेवायचं, पाणी भरायचं अन् झाकण घट्ट लावायचं, उघडा ठेवला तर डासांची अंडी होतात. आजूबाजूची माती सुकेल तसं माठ पाणी सोडतो, ओली असली की कमी सोडतो. दोन-तीन दिवसांनी झाकण काढून बघा अन् खाली गेलं तेवढं भरा. बोअरच्या जड पाण्यानं कालांतरानं छिद्रं बुजतात, पाणी खाली जायचं थांबलं की माठ बदला.

लॉनचं स्पष्ट सांगतो, १० बाय २० फुटाच्या लॉनला दिवसाला फक्त ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी ९० लिटरच्या वर जातं. टँकरवर जगणाऱ्या घरात मला हे पटत नाही. हरळीची हिरवळ असेल तर तिला पिवळी पडू द्या, ती मरत नाही, दोन-तीन आठवड्यांतून एकदा भिजवली तरी बुडं जिवंत राहतात अन् जूनच्या पावसात परत फुटते. कापताना अडीच-तीन इंच उंची ठेवा, कापलेलं गवत तिथंच पडू द्या. कार्पेट लॉनला मात्र एवढा ताण सोसत नाही, ती दारापुढं चार फूट ठेवा अन् बाकीच्या जागेत पावसाळ्यात कण्हेर, बोगनवेल, शेवगा लावा. आत्ता एप्रिल-मेमध्ये नवीन झाड लावूच नका, अन् युरियाही देऊ नका, कोवळी फूट आली की पाण्याची मागणी वाढते.

कुंड्या पूर्वेच्या भिंतीला एकमेकींना चिटकून ठेवा, दुपारच्या उन्हाला हिरवी शेडनेट बांधा, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, मुळं उकडत नाहीत.

घरातलं पाणी वापरताना जरा बघून. डाळ-तांदूळ अन् भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला, एसीचं पाणीही चालतं. आरओमधून बाहेर पडणारं अन् कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणी क्षारांचं असतं, ते फरशी पुसायला किंवा संडासात टाका, कुंडीत घातलं तर पानांच्या कडा करपतात. कपड्याच्या साबणाचं पहिलं पाणी तर काळ्या मातीला अजिबात नको, त्यातल्या सोडियमनं माती दगडासारखी बसते अन् पाणी मुरत नाही, शेवटचं विसळलेलं पाणी कधीमधी मोठ्या झाडाला चालेल.

अन् मे अर्धा व्हायच्या आधी गच्ची झाडून घ्या, पन्हाळीचा पाईप ड्रमला जोडून ठेवा. हजार स्क्वेअर फूट गच्चीवर वळवाचा १० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०० लिटरच्या आसपास पाणी हाताला लागतं. पहिली पाच मिनिटं धूळ वाहून जाऊ द्या, मग पाईप ड्रममध्ये सोडा, तोंडाला जुनं धोतर बांधा अन् ड्रम भरला की लगेच झाकण लावा.