बोटाने सरकवायचं की फोन हलवायचा? या चुका टाळा

बस खड्ड्यात आदळली की टॉर्च लागते, कुशीवर पडून बातमी वाचायला घ्यावी तर स्क्रीन आडवी होते, मेनू ओढायला जावं तर ॲपच बंद! ‘टच गेलाय’ असं लगेच ठरवू नका. बोट आपण मुद्दाम लावतो. फोन मात्र खिशात, रिक्षात, हातात एरवीही हलतच असतो. गोंधळ बहुतेक तिथूनच होतो.

आधी बोटाची चूक. अँड्रॉइड १० पासून (२०१९) जेश्चर नेव्हिगेशन (बटणांऐवजी बोट सरकवून फोन चालवणं) चालू असेल तर डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत सरकवणं म्हणजे ‘मागे’. जुन्या सवयीने डावीकडून मेनू ओढला की फोन इमानदारीने मागे जातो. त्याऐवजी मेनूच्या तीन रेघांवर टॅप करा. तरी जमेना, तर सेटिंग्जमध्ये ‘नेव्हिगेशन’ शोधून तीन बटणं परत आणा. त्यात कमीपणा कसला?

आडव्या स्क्रीनचा दोष ॲक्सेलेरोमीटरचा, म्हणजे फोनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरचा नाही. त्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, तुमचं डोकं उशीवर आहे हे कळत नाही. ऑटो-रोटेट (स्क्रीन आपोआप फिरणं) बंदच ठेवा. अँड्रॉइड ९ पासून, ते बंद असताना फोन आडवा केला की कोपऱ्यात छोटं चिन्ह येतं. हवं तेव्हाच ते दाबायचं. टाईप करताना आयफोन हलला आणि ‘अन्डू’ (टाईप केलेलं मागे घ्यायचं का) विचारू लागला, तर सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टच’खाली ‘शेक टू अन्डू’ बंद करा. मोटोरोलाची टॉर्च फोन दोनदा झटकला की लागते. तेही बंद करता येतं.

फोन तिरका करून पान सरकवणं २०१३ च्या गॅलेक्सी एस ४ मध्ये होतं. वाचायला ते मला कधीच सोयीचं वाटलं नाही. बोट थांबलं की पान थांबतं. तिरकेपणाने मात्र वेग ठरतो, त्यामुळे फोन पुन्हा सरळ करेपर्यंत हवी ती ओळ निघून जाते. शिवाय अक्षरंही तिरकी दिसतात. गाड्यांच्या गेममध्ये खुशाल वापरा. ३६० अंशांचा फोटो फोन फिरवूनही फिरत नसेल, तर स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप (फोन किती फिरला ते ओळखणारा सेन्सर) नसण्याची शक्यता असते, बोटाने ओढा.

ॲप बनवणाऱ्यांसाठी: वेबसाइट आणि ॲप अपंगांनाही वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८), सांगतात, की हलवून होणारं काम बटणानेही व्हावं आणि हलवण्याची सोय बंद करता यावी. व्हीलचेअरला बसवलेला फोन हलवणार कसा, आणि हात थरथरत असेल तर तो स्थिर ठेवणार कसा?

एवढं करूनही टॅप दोन-दोनदा मारावा लागतोय? हात कोरडा करा, जाड टेम्पर्ड ग्लास काढून बघा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले’खाली ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असते, ती चालू करा.