जुनी पद्मिनी उभी करताय? सगळ्यात आधी रंग मारायला पळू नका

बाबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीला घराच्या पडवीत आठ वर्षं उभी होती. ती मी पुण्याला आणली आणि सगळ्यात पहिलं काम काय केलं, तर रंग. पेंटरने काम झकास केलेलं, शेजारीपाजारी फोटो काढून गेले. चार महिन्यांनी फिटरने पायाखालचं मॅट उचललं, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आरपार गेला. मग फ्लोअरला वेल्डिंग आलं, त्या उष्णतेने दाराखालच्या पट्टीचा नवा रंग फुगला, आणि त्यानंतर ब्रेकच्या कामात ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडलं ते कोणी वेळेत पुसलं नाही, ते रंग खातं हे मला तेव्हा कळलं. थोडक्यात, रंगाचे पैसे पाण्यात.

आता कुठलंही काम काढायच्या आधी मी एकच बघतो, हे केल्यावर पुढच्या कुठल्या कामासाठी हे परत उघडावं लागणार आहे का?

पद्मिनी मूळची फियाट ११०० च्या घराण्यातली, बॉडी मोनोकॉक. म्हणजे जुन्या जीपसारखी खाली वेगळी चॅसिस नाही, पत्रा हाच सांगाडा. त्यामुळे पत्रा सडला तर प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही. चुंबक घेऊन बसा, जिथे नीट चिकटत नाही तिथे आधीच्या कुणीतरी लांबी (पुट्टी) थापलेली असते. दाराखालची पट्टी, फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बॉडीला जिथे लागतात ती जागा. ती गेली असेल तर बाकी सगळं थांबवा, आधी ती. आणि पत्रा कापताना दोन्ही बाजू एकदम कापू नका. गाडी लेव्हलमध्ये, नीट आधार देऊन ठेवा, दारं जागेवर असू द्या आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर दार लावून बघा, नाहीतर शेवटी दार बसतच नाही आणि मग कारागीर बिजागरी ठोकत बसतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी खाली उतरवायची, हे मिस्त्री "काही होत नाही साहेब" म्हणाला तरीही.

अर्थात या सगळ्याच्याही आधी कागद. आरसी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यू होते, चॅसिस नंबर जुळतोय का, इंजिन मधे कधी बदललं असेल तर त्याची नोंद आहे का, हे बघूनच खिशात हात घाला.

पुढची चूक जवळपास सगळे करतात, ब्रेकच्या आधी इंजिन. इंजिन सुरू झालं की फिरवून आणल्याशिवाय राहवत नाही ना! चारही चाकांना ड्रम ब्रेक, हायड्रॉलिक, आणि उभ्या गाडीत व्हील सिलेंडर आतून गंजतात, होज पाईप (ब्रेकचे रबरी पाईप) आतून फुगतात. पॅडल स्पंजसारखं लागतंय तर लाइनमध्ये हवा आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतंय तर बहुतेक ब्रेक लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) अ‍ॅडजस्ट करायचे राहिलेत. गाडी एका बाजूला ओढतेय तर ड्रम उघडून बघा, सिलेंडर गळून लायनरला ऑइल लागलेलं सापडेल, तो लायनर धुऊन परत लावू नका. आणि एकच चाक तापत असेल तर लोक सिलेंडर बदलत बसतात, पण बरेचदा दोष होज पाईपचा असतो, प्रेशर जातं पण परत येत नाही.

इंजिन लगेच खोलायचं नाही. ऑइल बदला, प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, दिवसभर थांबा, मग हाताने फिरवून बघा, त्यानंतरच सेल्फ मारा. पुढे कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, चेक करा. कमी येत असेल तर थोडं ऑइल टाकून परत घ्या, वाढलं तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलेंडरचा बोअर झिजलाय, नाही वाढलं तर बहुतेक दोष व्हॉल्व्हचा. एवढं केलं तर विनाकारण बोअरिंग टळतं.

दहा मिनिटं चालून गाडी बंद पडतेय? आमचीही पडायची. कार्बोरेटर किट टाकलं, कॉइल बदलली, शेवटी गंज निघाला टाकीत, दर वेळी नवा फिल्टर चोंदायचा. पहिले टाकीचं झाकण उघडून बघा, सुधारली तर हवेचं भोक बंद आहे. नाहीतर टाकी, पाईप, पंप, कार्बोरेटर अशा क्रमानेच साफ करत या, उलटं केलंत तर साफ केलेला कार्बोरेटर परत भरणार. शिवाय आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाईप खराब होतात, ते इथेच बदलून टाका.

वायरिंग रूफ लायनिंग आणि सीटच्या आधी. आणि एक गंमत, रंगानंतर लाईट मंद झाले, पेट्रोलचा काटा नाचायला लागला, तर वायरिंगवाल्याला शिव्या घालण्याआधी अर्थिंगचे पॉइंट खरवडा, पेंटरने त्यावरही रंग मारलेला असतो. काचेची रबरं बसली की नळीने पाणी मारून बघायचं, मगच कार्पेट. आमच्या एका मित्राने हे केलं नाही, पहिल्या जूनमध्येच गाडीला ओल्या पोत्याचा वास.

पार्टचं गणित जरा वेगळं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात २० वर्षांच्या नियमाने रस्त्यावरून गेल्या, म्हणजे आता असलेला माल कमीच होत जाणार. काच, बंपर, दाराची हँडलं कुर्ल्याच्या भंगारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत दिसली की घेऊन ठेवा, गरज नंतर असली तरी. रबरी सामान आणि टायर मात्र शेवटी, ते पडून पडून म्हातारे होतात. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, दुकानात वाचून घ्या. चाकांचं अलाइनमेंट सस्पेन्शनचे बुश बदलल्यावरच, आधी केलेली फुकट जाते.

आमची आता दुसऱ्यांदा रंगाला गेलीय, या वेळी फ्लोअर, ब्रेक, इंजिन सगळं उरकून. बाबा म्हणाले, परत तोच निळा कशाला रे, दुसरा मार की. म्हटलं, आरसीवर निळा आहे, आता आरटीओची अजून एक चक्कर माझ्याच्याने होणार नाही.