मार एक, शिक्षा पाच

"म्याडम, पोरगं नेमकं किती दिस आत?"

निकाल लागून दहा मिनिटं झाली होती. तालुका कोर्टाच्या पायऱ्यांवर आरोपीची आई मला विचारत होती आणि मी हातातल्या कागदाकडे बघत होते. भारतीय दंडविधानाच्या ४९८अ कलमाखाली एक वर्ष, ३२४ खाली सहा महिने, ३२३ खाली तीन, दुसऱ्या ३२३ खाली आणखी तीन, ५०६ खाली तीन. म्हातारीनं माझ्याआधी बोटांवर बेरीज केली. "सव्वादोन वरसं की वो."

मी म्हटलं, "तसं नसतंय मावशी. सगळ्या एकदमच भोगायच्या असतात."

हे मी अगदी ठामपणे सांगितलं, आणि ते चूक होतं.

वकिलीचं ते माझं दुसरं वर्ष. केस विधी सेवेच्या पॅनलवरून आलेली, आरोपीच्या बाजूनं. बायकोला मारणाऱ्याचं वकीलपत्र का घेतलंस, हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला आणि नव्यानं येणाऱ्यांना तो विचारला जाणारच. माझं उत्तर साधं आहे. त्यानंतर मी फिर्यादी बाईंच्या बाजूनं बऱ्याच केसेस लढले, आणि त्या नीट लढता आल्या त्या या एका केसमध्ये खाल्लेल्या ठेचेमुळे.

घटना एका रात्रीची. ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून सांगते. नवरा कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून घरी आला. बायको भाकरी थापत होती. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी माहेरून पैसे आणण्यावरून बोलाचाली झाली. त्यानं आधी दोन-तीन थोबाडीत मारल्या, मग तव्यावरचं उलथनं उचलून तिच्या मनगटावर टेकवलं. आरडाओरडा ऐकून शेजारची आक्का मध्ये पडली, तिला ढकललं, तिचं कोपर सोललं. माणसं जमल्यावर दारात उभा राहून "जित्ती सोडत न्हाई" म्हणाला. सगळा प्रकार फार तर वीस मिनिटांचा.

आता फिर्यादीवर कलमं बघा. ४९८अ, म्हणजे नवऱ्याकडून छळ. ३२४, कारण उलथनं तापलेलं होतं. थंड असतं तर ते ३२३ मध्येच, म्हणजे साध्या दुखापतीत, गेलं असतं. तापलेल्या पदार्थानं केलेली दुखापत कायद्यानं वेगळी काढलीय, आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या जखमेच्या दाखल्यात 'भाजल्याची जखम' हे दोन शब्द होते म्हणून ते कलम टिकलं. थोबाडीत मारल्याचं ३२३. आक्काचं ३२३. शिवीगाळीचं ५०४, ते पुढं सुटलं. धमकीचं ५०६. एका घटनेवर इतकी कलमं बघून नवखा माणूस म्हणतो, हे तर एकाच गुन्ह्याला पाचदा शिक्षा, राज्यघटनेच्या २०(२) मध्ये बसत नाही. मीही तेच म्हणाले होते. युक्तिवादात म्हणाले, हे त्याहून वाईट.

माझे सर जुन्या वळणाचे. त्यांनी अपिलाची फाईल बाजूला ठेवली आणि भारतीय दंडविधानाचं ७१ वं कलम माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्याखालचं उदाहरण इतकं सोपं आहे की लॉ कॉलेजात ते माझ्या डोक्यावरून कसं गेलं, याचं अजून नवल वाटतं. अ नं ब ला काठीनं पन्नास फटके मारले. प्रत्येक फटका मोजला तर पन्नास वर्षं कैद होईल. पण सगळा मार मिळून शिक्षा एकच. आणि लगेच दुसरं उदाहरण: मार चालू असताना क मध्ये पडला आणि त्यालाही मुद्दाम फटका दिला, तर तो फटका त्या मारात मोडत नाही. त्याची शिक्षा वेगळी.

"आक्का म्हणजे क," सर म्हणाले. "तिचं ३२३ तुला पुसता यायचं नाही. पण बायकोचं ३२३ आणि ३२४ बघ. थोबाडीत आणि उलथनं हा एकच मार हाय का दोन?"

इथंच सगळी मेख आहे. दोषी ठरवणं ही एक गोष्ट आणि शिक्षा देणं ही दुसरी. एकाच घटनेतून निघालेले निरनिराळे गुन्हे एकाच खटल्यात चालवता येतात, त्यांत आरोपी एकाहून जास्त कलमांखाली दोषी ठरू शकतो, आणि त्यात राज्यघटनेचा भंग होत नाही. २०(२) त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवून पुन्हा शिक्षा देण्याच्या आड येतं. एकाच खटल्यातल्या एकमेकांवर चढलेल्या कलमांसाठी ७१ आहे, आणि त्याच्या जोडीला १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) २६ वं कलम. सर्वोच्च न्यायालयाचा शांती विरुद्ध हरियाणा राज्य हा निकाल (१९९१ च्या एआयआरमध्ये, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये मिळेल) यासाठी जरूर वाचा. तिथं हुंडाबळीचं ३०४ब आणि छळाचं ४९८अ एकमेकांना मारक नाहीत, दोन्हींत दोषी ठरवता येतं, असं म्हटलं. पण ३०४ब ची मोठी शिक्षा दिल्यावर ४९८अ साठी वेगळी शिक्षा देण्याची गरज नाही, असंही म्हटलं. दोष दोन, शिक्षा एक. हे वाक्य मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

मग सरांनी मला एक तक्ता करायला लावला. आजही प्रत्येक फाईलमध्ये पहिल्या पानावर मी तो करते. डावीकडे कलमं नाही लिहायची. डावीकडे कृती लिहायच्या, घड्याळाच्या क्रमानं: थोबाडीत, उलथनं, ढकलणं, धमकी. मधल्या रकान्यात कुणाला. उजवीकडे कोणता साक्षीदार किंवा कोणता कागद ते सिद्ध करतो. कलमं सगळ्यात शेवटी. असा तक्ता केला की एकाच कृतीवर दोन कलमं कुठं बसलीत ते आपोआप दिसतं. कलमांपासून सुरुवात केलीत तर दोषारोपपत्र जसं छापलंय तसंच डोक्यात राहतं.

या तक्त्यात ४९८अ बसवताना मात्र माझी चांगलीच दमछाक झाली. कारण ते एका कृतीचं कलम नाहीच. त्याचा अर्थ दोन फाट्यांवर चालतो: एक, बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, आरोग्याला गंभीर धोका करेल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, दोन, पैसा-मालमत्तेची बेकायदा मागणी पुरी करून घेण्यासाठी केलेला छळ. म्हणून विचारायचा प्रश्न असा की ४९८अ चा पुरावा त्या एका रात्रीवर उभा आहे का आधीच्या तीन वर्षांवर? सरकार पक्षानं फक्त त्या रात्रीचीच हकिकत ४९८अ साठी वापरली असेल, तर बचावाला बोलायला भरपूर जागा आहे. आमच्या केसमध्ये बाईच्या भावाची साक्ष होती, वर्षभरापूर्वी पोलीस ठाण्यात दिलेली अदखलपात्र तक्रार होती, दोनदा माहेरी पाठवल्याचं उलटतपासातही कायम राहिलं होतं. ४९८अ त्या रात्रीच्या पलीकडे उभं होतं. ते ३२४ मध्ये विरघळणार नव्हतं. हे मान्य करायला मला आठवडा लागला, पण आरोपीच्या वकिलानं आपला कच्चा मुद्दा आधी स्वतःशी मान्य केला की पक्का मुद्दा कोर्टासमोर जोरात मांडता येतो.

जाता जाता एक. ४९८अ दंडविधानात आलं १९८३ साली. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९१९ सालीच केला होता. कॉलेजात असताना दसरा चौकातल्या पुतळ्यावरून मी रोज जायचे, आणि हे मला वकील झाल्यावर एका निवृत्त शिरस्तेदारांनी सांगितलं.

आता माझी चूक. दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांनी विचारलं होतं, "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे?" मी उभी राहिले, म्हातारी आई, पहिलाच गुन्हा, दया दाखवावी, एवढं बोलून बसले. शिक्षा एकत्रित भोगायच्या की एकामागून एक, याबद्दल अक्षर काढलं नाही. आदेशातही त्याचा उल्लेख आला नाही. आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१ व्या कलमाप्रमाणे, कोर्टानं एकत्रित म्हटलं नाही तर शिक्षा एकामागून एक चालतात. म्हातारीची बोटं बरोबर होती. सव्वादोन वर्षं.

दुसरी चूक त्याच पायरीवर. दंड एकूण साडेचार हजार होता, तिच्या पदराच्या गाठीला दोन हजार. मी म्हटलं, राहू दे मावशी, दंड न भरल्याची कैदही त्यातच जिरते. नाही जिरत. दंड चुकवल्याबद्दलची कैद मूळ शिक्षेच्या वर चढते, आणि अशा कैदा एकमेकींतही एकत्र करता येत नाहीत. शरद हिरू कोळंबे प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. आमच्या हिशेबात त्या सगळ्या मिळून एक महिना आणि ३६ दिवस होत होत्या. सरांना कळलं तेव्हा त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. संध्याकाळी आईच्या भावानं उसने आणून दंड भरला आणि अपिलापर्यंतचा जामीन झाला.

अपील कसबा बावड्याला सत्र न्यायालयात चाललं. मी ओ. एम. चेरियन विरुद्ध केरळ राज्य हा २०१४ चा निकाल दाखवला: तिथं ४९८अ आणि ३०६ (आत्महत्येस प्रवृत्त करणं) च्या शिक्षा एकामागून एक दिलेल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयानं त्या एकत्रित केल्या, आणि ३१ व्या कलमात कोर्टाला विवेकाधिकार असल्याचं सांगितलं. तक्ता पुढं ठेवला. दोषसिद्धी सगळ्या कायम राहिल्या. बायकोच्या ३२३ ची वेगळी शिक्षा गेली, कारण तो मार ३२४ च्या मारातलाच. आक्काची राहिली. बाकी सगळ्या एकत्रित. सव्वादोन वर्षांचं एक वर्ष झालं, आणि सुरुवातीला कोठडीत काढलेले ११ दिवस वजा.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे नवे आकडे लागतात. ४९८अ चं ८५ आणि ८६, ३२३ चं ११५(२), ३२४ चं ११८(१), ५०६ चं ३५१, आणि ७१ चं ९. पन्नास फटके तिथंही आहेत. खरा बदल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २५ व्या कलमात झालाय. आता गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून शिक्षा एकत्रित की एकामागून एक, याचा आदेश कोर्टानं द्यायचाच आहे. म्हणून बोलायला उभं राहाल तेव्हा गांभीर्यावर बोला. 'दया' हा शब्द शेवटी आला तरी चालतो. जुन्या घटनेला जुनं कलम लागतं, हे विसरून नवे आकडे लिहिणारे अर्ज मी दर आठवड्याला बघते.

फिर्यादी बाईंच्या बाजूनं असाल तर आणखी एक धागा लक्षात ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज ही शिक्षा नाही. संरक्षण, निवारा, खर्च यांसाठीचा तो वेगळा मार्ग आहे. त्याच रात्रीवरून अर्जही होतो आणि फिर्यादही होते. पण संरक्षण आदेश मिळाल्यावर नवरा तो मोडून घरात शिरला तर तो याच कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड. त्याच कलमात असंही म्हटलंय की हा आरोप ठेवताना मॅजिस्ट्रेट ४९८अ सारखे आरोपही सोबत ठेवू शकतात. त्यासाठी आदेशाची प्रत नवऱ्याला मिळाल्याचा पुरावा फाईलमध्ये हवा. तो नसतो. नेहमी तोच नसतो.

आणि तडजोडीची घाई करू नका. ३२३ आणि ५०६ मिटवता येतात, ४९८अ कोर्टात तसं मिटत नाही. ते रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यासाठी पूर्वी मुंबईला जायला महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र काढावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआरजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आहे, तेव्हा रिक्षानं जाता येतं.

अपिलाच्या निकालादिवशी म्हातारी पुन्हा पुढं आली. या वेळी मी कागदावर तारीख लिहून दिली: हजर झाल्यावर कळंब्याच्या तुरुंगातून पोरगा कधी सुटेल ती. ती घडी घालून पदरात बांधत असताना मागं बघितलं, तर त्याची बायको सरकारी वकिलांना हेच विचारत होती. मनगटावर पांढरट डाग अजून होता. तिला भावाच्या घरातून भाड्याच्या खोलीत कधी जायचं ते ठरवायचं होतं, पोराची शाळा बदलायची होती. "एक तारीख सांगा की सायेब," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी तीच तारीख दुसऱ्या कागदावर लिहिली आणि त्यांच्या हातात दिली.