राइट कॅशिंगच्या दोन चौकटी : या चुका टाळा

फाइल सेव्ह केली की ती त्याच क्षणी डिस्कवर उमटतेच असं नाही. आधी ती रॅममध्ये थांबते, मग डिस्कच्या स्वतःच्या छोट्या मेमरीत, आणि मग कायमची लिहिली जाते. असं आधी साठवून मग लिहिणं म्हणजे राइट कॅशिंग. मधेच वीज गेली तर वाटेत अडकलेलं सगळं जातं.

विंडोजमध्ये राइट कॅशिंगची सेटिंग डिव्हाइस मॅनेजरमध्ये सापडते. डिस्क ड्राइव्ह्ज उघडा, डिस्कवर डबल क्लिक करा आणि पॉलिसीज टॅबवर जा. आतल्या डिस्कसाठी तिथे दोन चौकटी दिसतात. पहिली राइट कॅशिंग चालू-बंद करते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वेग वाढेल म्हणून दुसऱ्या चौकटीत टिक करणे. तिचं नाव ‘टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग’, म्हणजे टिक केली की संरक्षण निघतं. एनटीएफएस (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी विंडोजची पद्धत) किंवा हिशेबाचा डेटाबेस मोक्याच्या वेळी डिस्कला बजावतो, ‘हातातलं आधी लिहून टाक, मग पुढचं.’ टिक केल्यावर हा हुकूम डिस्कपर्यंत पोचतच नाही. नोंदींचा क्रम उलटसुलट होतो, आणि वीज गेल्यावर शेवटची फाइलच नव्हे, अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. डिस्कला स्वतःचा वीजसाठा असेल, उदाहरणार्थ कपॅसिटर असलेली सर्व्हरची एसएसडी, तरच ही टिक चालेल. घरचा यूपीएस पुरत नाही. कॉम्प्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय जळाला किंवा डिस्कची केबल निसटली तर तो काय करणार?

उलट, घाबरून पहिली चौकट रिकामी करू नका. हार्ड डिस्कवर बारीकसारीक फायली लिहिणं फारच मंदावतं.

पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कला विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप लागू असतं, म्हणजे राइट कॅशिंग बंद असतं. तरी कॉपी चालू असताना ओढून काढू नका. कॅशिंग चालू करणारं ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलंत तर प्रत्येक वेळी ‘सेफली रिमूव्ह’ हवंच. पेनड्राइव्हवर सर्रास दिसणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅट या फाइल-पद्धतींमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आधी ठेवलेली नोंद, नसल्यामुळे तिथे धोका जास्त. ‘क्विक रिमूव्हल’ की ‘बेटर परफॉर्मन्स’ ही निवड त्याच पोर्टपुरती लक्षात राहते, तेव्हा पोर्ट बदलल्यावर पुन्हा तपासा.

‘डिलेड राइट फेल्ड’ (थांबवलेलं लिखाण डिस्कवर पोचलं नाही) असा संदेश आला तर कॅशिंगला हात लावण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा. मग महत्त्वाच्या फायलींची प्रत काढा आणि ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्स टॅबवरून ‘चेक’ चालवा.

सर्व्हरवर पहिल्या चौकटीतली टिक पुन्हा पुन्हा निघत असेल तर तो डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर, आहे का ते पाहा. अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे त्या लॉगिन खात्यांचा, डेटाबेस असलेल्या डिस्कचं कॅशिंग विंडोज मुद्दाम बंद ठेवतं. तिथे ते तसंच राहू द्या.