कॉमिक कॉनला नाशिकहून दोघींनी जायचं तर

कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स आणि ॲनिमेच्या (जपानी कार्टूनच्या) चाहत्यांची मोठी जत्रा. सगळ्यात आधी मैत्रिणीसोबत बसा आणि कोणाला तिथे नक्की काय करायचंय ते बोलून घ्या. तिकीट, गाडी, पोशाख हे सगळं त्यानंतर. माझी मैत्रीण ॲनिमेवाली. तिला पोशाख घालून मिरवायचं असतं, कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करायच्या, स्पर्धेत स्टेजवर जायचं असतं. मी इंदिरानगरात ब्लाउज शिवते. मला चित्रकारांची टेबलं बघायची असतात आणि लोकांच्या पोशाखांची शिलाई, जमलं तर कड उलटून. असा आमचा दोघींचा दिवस एकसारखा कसा जाणार? ‘आपण दिवसभर एकत्रच राहायचं हं’ म्हणत आत शिरलेल्या जोड्या दुपारी तोंडं फुगवून बसलेल्या दिसतातच. म्हणून वाटणी करा: सकाळ एकत्र, दुपार आपापली, स्पर्धेला पुन्हा एकत्र.

दुपारी वेगळं व्हायच्या आधी भेटायची जागा ठरवा. गर्दीत मोबाइलची रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. कुंभमेळ्यात पर्वणीला रामकुंडावर गेलेल्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. मुख्य दरवाजा नको, सगळं जग तिथेच उभं असतं. अमुक स्टॉलही नको, तासाभरात सगळे स्टॉल सारखे दिसायला लागतात. एखादा खांब किंवा भिंतीचा कोपरा धरा आणि वेळही पक्की करा.

आता तारीख. कॉमिक कॉन इंडिया 2011 साली दिल्लीत सुरू झालं. मुंबईचं कॉन कधी गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात झालंय, कधी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), आणि महिनेही बदलत आलेत. त्यामुळे गेल्या वर्षी गेलेल्या भावाला विचारून गाडी ठरवू नका, तिकिटावरचा पत्ता वाचा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा.

एका दिवसात जाऊन यायचं तर आपली पंचवटी एक्सप्रेस आहेच. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते. रिझर्व्हेशन कराच. पासवाल्यांच्या गर्दीत पाठीला पंख बांधून उभं राहायचं म्हणजे पंखांचं काही खरं नाही. नेस्को असेल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेने गोरेगाव किंवा राम मंदिर. बीकेसी असेल तर दादरहून लोकलने बांद्रा आणि पूर्वेकडून रिक्षा, नाहीतर ठाण्याला उतरून लोकलने कुर्ला. पोशाख घरून घालून निघू नका. आत जाऊन बदला.

पोशाखावर मात्र मी जरा सविस्तर बोलणार, धंदाच तो आहे माझा. हौशी मुली पहिल्यांदा साटीन उचलतात, कारण फोटोत चमकतं. पण साटीन शिवताना घसरतं, उसवतं आणि मुंबईच्या दमट हवेत अंगाला चिकटून बसतं. हॉलमध्ये एसी असला तरी बाहेरच्या रांगेत नसतो. अंगालगतचं सगळं कॉटन-लायक्रा किंवा पॉपलिनचं करा, आतून मलमलचं अस्तर द्या आणि चमक हवी तिथे वरून पट्टी लावा. पाठीवर चेन नको. एकटीला बाथरूमला जाऊन पोशाख काढता-घालता आला पाहिजे. त्यासाठी बाजूच्या शिवणीत उघडं ठेवून हूक किंवा वेल्क्रो लावा. मोबाइल आणि पैशांसाठी आतून खिसा हवाच. कुठल्याही योद्ध्याच्या चित्रात खिसा नसतो, पण त्याला रिक्षाचे पैसे द्यायचे नसतात.

चिलखत, शिंगं, तलवार यासाठी ईव्हीए फोम (स्पंजसारखी हलकी शीट) वापरा. अंगाच्या वळणाला 5 मिलिमीटरचा पुरतो, जाड दिसायला हवं तिथे 10 चा. हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) गरम केला की हवा तसा वाकतो आणि थंड होईपर्यंत धरून ठेवला की तसाच राहतो. जोडायला चपला-फर्निचरवाले वापरतात ते कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह घ्या. दोन्ही कडांना पातळ लावा, बोटाला नुसतं चिकट लागेल इतकं वाळू द्या आणि मगच कडेला कड टेकवा. एकदा टेकली की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेनने खुणा करून ठेवा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, वास डोक्यात जातो. ग्लू गनची कांडी उन्हात मऊ पडते, ती फक्त नक्षीकामाला. रंगाआधी पाणी घातलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, नाहीतर फोम रंग पितो.

मोठा तुकडा सुटा करता येईल असाच बनवा. मैत्रिणीचे पंख तीन भागांत सुटतात आणि सीटखाली जातात. हेल्मेटची युक्ती तिचीच. ती पेठ तालुक्याकडची. तिकडे बोहाड्यात जड मुखवटे बांधून सोंगं रात्री नाचतात, ते बघत ती मोठी झाली. हेल्मेट घालण्याआधी ती डोक्याला सुती फडकं घट्ट गुंडाळते. घाम टिपला जातो, कपाळाला कड रुतत नाही आणि मान हलवली की हेल्मेटही सोबत हलतं. विकत घेतलेल्या पॅडिंगपेक्षा हे मला जास्त पटतं.

खऱ्या किंवा धातूच्या शस्त्राला आत प्रवेश नाही. दारावर तपासणी होते, तेव्हा नियमांचं पान आधीच वाचा. सोबत एक पाऊच ठेवा: सुई-दोरा, सेफ्टी पिना, फेविक्विक, दोन्हीकडून चिकटणारी टेप, काळा मार्कर.

पोशाखवालीला एक मदतनीस लागते. पाणी पाजायला (स्ट्रॉ विसरू नका, हेल्मेटमध्ये बाटली शिरत नाही), पिशवी धरायला, फोटो काढायला. दिवसभर हे काम करणारी मैत्रीण पुढच्या वर्षी येत नाही. आमचा नियम असा की दोन तास मी तिची, मग मी मोकळी. तोपर्यंत तिने पंख उतरवायचे किंवा स्वतः सांभाळायचे. इतरांचे फोटो काढताना आधी विचारा आणि पोशाखाला हात लावू नका. मलाही शिवण बघायचा मोह होतो, पण विचारलं तर कौतुकाने दाखवतात आणि कुठे काय शिकले तेही सांगतात.

चित्रकारांच्या टेबलांकडे गर्दी वाढायच्या आत जा. तिथे चित्रकार स्वतः बसलेले असतात, प्रिंट, स्टिकर, स्वतः छापलेली कॉमिक्स विकतात, काही जण सांगाल ते चित्रही काढून देतात. अशी ऑर्डर सकाळीच द्या, म्हणजे निघेपर्यंत हातात पडेल. प्रिंट ठेवायला ड्रॉइंगवाल्या मुलांकडे असते तशी नळी न्या, नाहीतर पुठ्ठ्याची फाइल. सुटे पैसेही ठेवा, गर्दीत यूपीआय अडकतं. माझं मत विचाराल तर पैसे इथेच खर्चा. मोठ्या स्टॉलवरचे पुतळे आणि टी-शर्ट घरबसल्या ऑनलाइनही मिळतात. ही प्रिंट त्या टेबलावरून उठलात की गेली. आणि मराठीत वेताळ (फँटम) वाचून मोठे झालेल्या एखाद्या काकांनी जुनी इंद्रजाल कॉमिक्स आणायला सांगितली असतील, तर कॉनमध्ये माल मुख्यतः नवाच असतो हे त्यांना आधीच सांगा. 1990 च्या सुमारास बंद पडलेले ते अंक रद्दीवाल्याकडेच शोधावे लागतात.

खाणं आत महाग असतं आणि बाहेरचा डबा दारावर अडवला जाऊ शकतो. दशम्या आणि चटणी गाडीत कसाऱ्याच्या आत संपवा, चिवडा रांगेत.

परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाच्या सुमारास सुटते. म्हणजे कॉनमधून साडेचारलाच पाय काढावा लागतो, आणि स्पर्धा लांबली तर निकाल राहतो. स्पर्धेत उतरणार असाल तर मुक्कामच करा. कल्याण-डोंबिवलीला कोणाची ना कोणाची मावशी असतेच. तिला आधी फोन करा आणि शिंगांचंही सांगून ठेवा, म्हणजे रात्री दार उघडताना ती घाबरणार नाही.